केर जातो कोठे?



शिमगा सरला, देहूची बीज झाली, की पाडव्याच्या आधी आपल्या मुलुखात घरोघर एकच गडबड उडते. जळमटे काढा, भांडी घासा, गोधड्या उन्हात टाका! पिंपरी-चिंचवडपासून भोसरी-चाकणपर्यंत तर हे काम दुप्पट. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे शेतांच्या जागी कारखाने आले, रस्त्यावर रात्रंदिवस मालमोटारी धावू लागल्या. सकाळी पुसलेल्या फळीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहावे इतकी धूळ! हीच धूळ कोपऱ्यात राहिली तर मृगाच्या पावसात तिला ओल लागते, बुरशी धरते, घराला कुबट वास येतो. म्हणून सफाई उन्हातच उरकावी, हे आमच्या आयाबायांचे शहाणपण खरे आहे.

परंतु सफाई म्हणजे काय? कोरड्या फडक्याने कपाट झटकले की धूळ गेली असे वाटते. ती जाते कोठे? हवेत उडते आणि घटकाभराने अंथरुणावर, देव्हाऱ्यावर, लेकराच्या छातीत जाऊन बसते. जाणती बाई फडके ओले करून पिळते, वरून खाली पुसत येते. धूळ ओलाव्याला धरून राहते. मनाचेही असेच आहे. कारखान्यात साहेब बोलला. तो राग गड्याने घरी येऊन बायकोवर झटकला, तिने पोरावर झटकला. राग गेला का हो? त्याने फक्त जागा बदलली. मनाला नामाचा ओलावा असेल तर तो तिथल्या तिथे धरला जातो, पुढे उडत नाही.

असो. आता घरातला केर पाहू. फुटक्या तसबिरी, निर्माल्य, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या. सगळ्याचे गाठोडे बांधायचे आणि पुलावरून पवनेत किंवा इंद्रायणीत सोडायचे. वर हात जोडायचे, कारण देवाचे होते ना ते! घर लखलखीत झाले. केर गेला कोठे? पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, आणि मुळामुठा भीमेला. इंद्रायणी देहू-आळंदी करीत तुळापूरला भीमेतच जाते. ती भीमा उजनीच्या धरणातून पुढे पंढरीला पोचते, आणि तिथे तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. म्हणजे आपली दिंडी निघण्याआधीच आपल्या केराने पंढरीची वाट धरली!

कोणी म्हणेल, "महाराज, आळंदीत नदीला फेस येतो तो शहरांच्या अन् कारखान्यांच्या सांडपाण्याचा. आमच्या गाठोड्याने काय होतंय?" खरे आहे. तो दोष फार मोठा आहे आणि त्याचा जाब मागितलाच पाहिजे. पण आपलेच गाठोडे काखेत घेऊन जाब मागायला कोणत्या तोंडाने जाणार?

गाडगेबाबांकडे पाहा. १९५६ च्या डिसेंबरात बाबांनी देह ठेवला. दिवसा ते गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाने माणसांची मने. बाबांचा खराटा स्वतःच्या अंगणात थांबला नाही; परक्याच्या गल्लीत चालला. पंढरीतही आषाढीची यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते, राउळ धुतले जाते. देवाचे घरसुद्धा धुवावे लागते. मग देवाची नदी मळवून आपले घर पवित्र कसे होईल?

तेव्हा या पाडव्याला एवढे करावे. निर्माल्याची फुले परसात किंवा कुंडीत मातीआड करावीत. पत्रा, प्लॅस्टिक वेगळे बांधून घंटागाडीत द्यावे. फुटकी काच जाड कागदात गुंडाळावी, कारण ती उचलणारा हातही कोणाच्या लेकराचा आहे आणि त्या हातातही विठ्ठलच आहे. आणि झाडू घरातल्या एका बाईच्याच कपाळी लिहून ठेवू नये. ज्या गड्याच्या हातात टाळ शोभतो, त्याच्या हातात खराटाही शोभतो.

केर दुसऱ्याच्या दारात लोटला तर तो गेला नाही. फक्त दिसेनासा झाला. पांडुरंगाला मात्र सगळीच दारे दिसतात.

रामकृष्णहरि!