दुसऱ्याचं जेवण, आपला ढेकर

“दुसऱ्यानं जेवायचं आणि ढेकर आपण द्यायचा, त्यातला प्रकार!” माझ्या संगणकाच्या पडद्यावर रंगीत घन गरागरा फिरताना पाहून गल्लीतले निवृत्त गणिताचे सर एवढंच बोलले आणि चहा संपवून उठले. बाहेरून कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. त्यांचा खडखडाट विरला तरी ते वाक्य कानातून जाईना.

रुबिकचा घन कुणाला माहीत नाही? हंगेरीच्या एर्नो रुबिकनं तो १९७४ साली बनवला, त्याच्या रचना अब्जावधींच्या अब्जावधी, वगैरे सोडून देऊ. माझं म्हणणं एवढंच, की कोडं सोडवणं वेगळं आणि कोड्यात हिंडणं वेगळं. सोडवणाऱ्याला घर गाठायचं असतं, हिंडणाऱ्याला गाव बघायचं असतं. संगणकावर मी हिंडतो.

दोन-बाय-दोनच्या लहान घनाच्या रचना ३६,७४,१६०. घरचा संगणक हे सगळं गाव पायाखाली घालतो. अर्धी फिरकीही एकच चाल धरली, तर सुटलेल्या घनापासून एका चालीवर ९ रचना, दोनवर ५४, तीनवर ३२१. नवव्या चालीवर १८,८७,७४८, म्हणजे निम्म्याहून जास्त वस्ती तिथंच. अकरावीवर एकदम ओसाड, फक्त २,६४४. त्यापुढे कोणी राहतच नाही. हा आकडा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मी वेशीवर उभं राहिल्यासारखा थबकलो होतो.

मोठ्या घनाचं गाव असं पालथं घालता येत नाही. सेकंदाला दहा लाख रचना पाहिल्या तरी तेरा लाखांहून जास्त वर्षं लागतील. म्हणून जर्मनीच्या हर्बर्ट कोसिएम्बांनी १९९२ च्या सुमारास वाटेचे दोन टप्पे पाडले आणि अटारीच्या घरगुती संगणकाकडून थोडक्या चालींची उत्तरं काढून घेतली. २०१० मध्ये टोमस रोकिकी, कोसिएम्बा आणि आणखी दोघांनी गूगलच्या यंत्रांच्या मदतीनं सिद्ध केलं, की कुठलीही रचना जास्तीत जास्त वीस चालींत सुटते. एकाच संगणकाला ते काम सुमारे पस्तीस वर्षं पुरलं असतं.

सर पुन्हा आले तेव्हा हे सगळं मी त्यांना ऐकवलं. त्यांचं दैवत म्हणजे गणिती कापरेकर, म्हणून मी तोच पत्ता टाकला. देवळालीत मुलांना शिकवता शिकवता कापरेकरांनी काय केलं? चार अंकी संख्या घेतली, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करत राहिले. सगळे अंक सारखे नसले, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत आपण ६१७४ गाठतोच. म्हणजे तेही हिंडलेच की!

“हिंडले,” सर म्हणाले, “पण पाय त्यांचे होते.”

मला पटलं नाही. पायापेक्षा वाट महत्त्वाची, असं मी बरंच काही बोललो. आता आठवतही नाही.

पुढच्या आठवड्यात मुलाच्या हातून घन पडला. एक कोपरा निसटला, तो मी तसाच दाबून बसवला. नंतर रंग संगणकात भरले, तर उत्तर आलं: अशक्य. घन पूर्ण सुटा करून डोळे झाकून जोडला, तर बारापैकी अकरा वेळा हेच होतं. आमच्या शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावण्याची रीत आहे. घनालाही ना दार ना कडी, तरी अकरा जण कायमचे उंबऱ्याबाहेर. खोडसाळपणे तो घन मी काही न सांगता सरांना दिला.

तिसऱ्या दिवशी ते आले. वहीच्या मागच्या पानावर आठ कोपरे काढलेले, प्रत्येकाखाली शून्य, एक किंवा दोन. “हे कोपऱ्यांचे पीळ. कुठलीही बाजू फिरव, बेरीज तीनच्या पटीतच राहते. तुझी सात येतेय. कोपरा उपटलायस.”

संगणकानं मला ‘नाही’ सांगितलं होतं, सरांनी ‘का नाही’ सांगितलं. मी यंत्राचं वकीलपत्र घेऊन निघालो होतो आणि सरांच्या ओट्यावर येऊन बसलो. वीस या आकड्यामागेही मोजणीचं बळ आहे. वहीच्या एका पानावर मावेल असं कारण नाही. मग ढेकर कसला द्यायचा? यंत्रानं ताट वाढलंय, जेवण व्हायचंय.

सरांनी दुसरा चहा मागितला. कप खाली ठेवत, पडद्याकडे न बघताच विचारलं, “ते शेवटचे २,६४४ कोण, दाखवतोस का?”