पिशवीतलं अन्न

आपल्याकडे सलाईन 'चढवतात'. ताप उतरला पण अंगात जोर नाही, चार दिवस पोटात काही टिकलं नाही, की माणसं स्वतःहून डॉक्टरांना म्हणतात, एक सलाईन लावून टाका. लावलं की बरंही वाटतं. आता साधं सलाईन म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, त्यात ऊर्जा शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण एका पोळीइतकी ऊर्जा. शरीरातलं पाणी कमी झालेल्या माणसाला त्या बाटलीची खरी गरज असते, पण 'ताकदीसाठी' ती लावून घेणारा माणूस एक पोळी शिरेतून खात असतो आणि तिचे पाचशे-हजार रुपये मोजत असतो. तरीही 'जेवण जात नाही, निदान सलाईन तरी चालू आहे' हे वाक्य आपण नातेवाइकांना फोनवर सांगतो आणि पलीकडचा माणूस निश्चिंत होतो. बाटली टांगलेली असणं म्हणजे माणूस उपाशी नसणं, हे समीकरण आपल्या मनात पक्कं आहे.

खरोखर उपाशी न ठेवणारी पिशवी वेगळी असते. ज्याचं आतडं चालत नाही, काढून टाकलंय किंवा काही काळ बंद ठेवायचंय, अशा रुग्णाला पूर्ण आहार शिरेतून देतात. रुग्णालयात तिला तीन अक्षरी इंग्रजी नावाने, टीपीएन म्हणून ओळखतात. प्लास्टिकच्या मऊ पिशवीत तीन कप्पे असतात. एकात ग्लुकोज, दुसऱ्यात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे तुकडे, आणि तिसऱ्यात तेलाचं दुधासारखं पांढरं मिश्रण. कप्प्यांमधले जोड मुद्दाम कच्चे ठेवलेले असतात. वरच्या टोकाकडून पिशवी चटईसारखी गुंडाळत दाब दिला की जोड सुटतात आणि तिन्ही द्रवं एकत्र होतात. पिशवी दोन-तीनदा उलटीपालटी करायची, जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म खनिजं टाकायची, टांगायची.

हे सगळं कारखान्यातूनच एकत्र करून का देत नाहीत? कारण ते टिकत नाही. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र करून निर्जंतुकीकरणासाठी तापवली तर ती तपकिरी होतात. तव्यावर पोळीला खरपूस डाग पडतात तीच ही रासायनिक क्रिया. तेलाचं मिश्रण बाकीच्यांच्या संगतीत फार दिवस ठेवलं तर फाटतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं प्रमाण चुकलं तर त्यांचा साका बनतो, आणि तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. अमेरिकेत १९९४ साली अशा साक्यामुळे रुग्ण दगावले, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. कडक बाटलीत हवा शिरावी म्हणून सुई टोचून ठेवलेली आपण पाहिली असेल. पिशवीला ते लागत नाही, आतलं संपेल तशी ती स्वतःच चेपत जाते आणि वॉर्डातली हवा तिच्यात जात नाही. एकूण, न मिसळलेली पिशवी महिनोन् महिने टिकते. मिसळून टांगलेली मात्र साधारण एका दिवसात संपवावी लागते.

हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा. माझा सगळा प्रश्न त्याच्याभोवती आहे.

आधी थोडा इतिहास. शिरेतून पूर्ण आहार देऊन जीव वाढवता येतो हे १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात सिद्ध झालं. स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीगल जातीच्या पिल्लांना फक्त शिरेतून अन्न दिलं आणि ती तोंडाने खाणाऱ्या पिल्लांच्या बरोबरीने वाढली. मग जवळजवळ संपूर्ण लहान आतडं निकामी असलेल्या एका नवजात मुलीला त्यांनी तसंच वाढवलं. १९६८ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच दशकात स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन वापरून शिरेत सुरक्षितपणे देता येईल असं तेलाचं मिश्रण बनवलं. त्यामुळे जेवणात 'तूप' आलं. तोवर ज्यांचं आतडं गेलं ते भुकेने मरत. आता ते जगू लागले, आणि काही जण रात्री झोपताना घरीच पिशवी लावून दिवसा कामावर जाऊ लागले. अशा माणसाला ती पिशवी म्हणजे रात्रीचं जेवणच.

पण जो शोध माणसाला भुकेच्या मरणातून वाचवतो, तोच आपल्याला एक नवा प्रश्न देतो: मग ते थांबवणं म्हणजे उपाशी मारणं आहे का?

माझ्या आत्याच्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला आणि बहुतेक लहान आतडं काढावं लागलं. वय ८१. शस्त्रक्रियेनंतर पिशवी सुरू झाली, आणि पहिले काही दिवस ती शुद्धीवर होती. पांढऱ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "हे दूध कुणाला?" मग जंतुसंसर्ग झाला, मूत्रपिंडं मंदावली, ती बोलेनाशी झाली. अंगावर सूज आली. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आता यातून काही साधत नाही, उलट एवढा द्रव शरीराला झेपत नाहीये, श्वासाचा त्रास वाढेल. माझ्या आत्येभावाने एकच विचारलं, "म्हणजे डॉक्टर, आईला उपाशी ठेवायचं?" डॉक्टर म्हणाले, "आज लावलेली चालू राहू दे. उद्याची उघडायची का, ते सकाळी सांगा."

त्या वाक्याने सगळ्यांना हायसं वाटलं, हे मी पाहिलं. कुणीही काहीही बंद करणार नव्हतं. चालू होतं ते आपोआप संपणार होतं. फक्त उद्या कुणीतरी एक पिशवी गुंडाळून दाबणार नव्हतं. सकाळी आत्येभावाने मान हलवली. न उघडलेल्या दोन पिशव्या औषधांच्या दुकानात परत गेल्या आणि अंतिम बिलातून वजा झाल्या. सील शाबूत असलेला माल परत घेतात, हा नियम तेव्हा कळला. दिवसाला काही हजारांची वस्तू आहे ही. आपल्या देशात 'आता पुरे' या निर्णयात तो आकडा किती बोलतो, हे रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि कुणी मोठ्याने म्हणत नाही. आमच्याकडेही कुणी म्हणालं नाही.

तेव्हापासून मी विचार करतो आहे की त्या हायसं वाटण्याला काही नैतिक आधार आहे का. चालू उपचार थांबवणं आणि पुढचा सुरू न करणं यांत फरक नाही, असं बहुतेक नीतिचिंतक आणि डॉक्टर मानतात. सर्वांना मात्र ते पटत नाही. इस्रायलने २००५ साली मरणासन्न रुग्णांसाठी केलेल्या कायद्यात हा फरक मुद्दाम राखला आहे. अखंड चालणारा उपचार तोडायचा नाही, पण टप्प्याटप्प्याने होणारा उपचार पुढच्या टप्प्याला नव्याने न करणं चालतं. म्हणूनच व्हेंटिलेटरला वेळेचं यंत्र जोडावं, म्हणजे तोही टप्प्यांचा उपचार होईल, अशी कल्पना तिथे पुढे आली. वरवर ही पळवाट वाटते. पण धार्मिक आणि निधर्मी अशा दोन्ही लोकांना एकाच कायद्याखाली आणायचं तर अशी फट लागते.

पिशवीत ती फट कारखान्यातूनच बनून येते. दर चोवीस तासांनी ती विचारते, आज? मला हे एका अर्थी चांगलं वाटतं. व्हेंटिलेटर कुणाला काही विचारत नाही, तो चालत राहतो आणि चालू आहे म्हणून चालू ठेवला जातो. पण तर्क म्हणून पाहिलं तर हा आधार पोकळ आहे. सकाळी नवी पिशवी न उघडणं योग्य असेल, तर आदल्या दुपारी अर्धी उरलेली काढणंही योग्यच होतं. आणि ते दुपारी पाप असेल, तर सकाळी ते पुण्य होत नाही. आम्हाला जे मिळालं ते उत्तर नव्हतं, एक रात्र मिळाली. रात्रीचीही किंमत असते, ती मी नाकारत नाही.

खरा वाद त्याच्या आधीचा आहे: हे अन्न की औषध? इंग्लंडमध्ये हिल्सबरोच्या स्टेडियमवर चेंगराचेंगरीत बेशुद्ध झालेल्या टोनी ब्लँडच्या खटल्यात १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने नळीने दिलेलं अन्न हा वैद्यकीय उपचार मानला आणि तो थांबवायला परवानगी दिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली नेमकं उलट सांगितलं, की कृत्रिम मार्गाने दिलं तरी अन्नपाणी हे जीव राखण्याचं नैसर्गिक साधन आहे, वैद्यकीय कृती नव्हे. मला ब्लँड खटल्यातली बाजू पटते. त्या पिशवीवर बॅच क्रमांक असतो, मात्रा असते, ती जंतुसंसर्ग आणि यकृताला इजा करू शकते. तिला चव नाही, घास नाही, आणि ती पोटात जातच नसल्यामुळे ती चालू असतानाही पोटातली भूक राहू शकते. अन्नातलं जे जे आपण अन्न म्हणून ओळखतो ते वजा करून उरलेली रसायनं म्हणजे ही पिशवी.

पण मग रात्री पिशवी लावून सकाळी कामाला जाणाऱ्याचं काय? त्याची पिशवी काढून घेतली तर ते उपाशी मारणंच होईल. पिशवी तीच आहे. फरक त्या शरीरात आहे, जे त्या साखरेचं आणि तेलाचं काही करू शकतं की नाही. मरणाऱ्या शरीराची भूक बहुधा आधीच गेलेली असते. आत्याला ती पिशवी पोसत नव्हती, फुगवत होती.

यावर कुणी अरुणा शानबाग यांचं उदाहरण देईल, आणि ते योग्यच आहे. १९७३ सालच्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. बरीच वर्षं त्या मऊ केलेलं अन्न तोंडाने घेत होत्या. अन्न थांबवण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली, आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांकडे आहे असं म्हटलं. त्या निकालातल्या अनेक गोष्टींवर वाद घालता येईल. मला मात्र तिथे चमचा दिसतो. चमचा धरणारी बाई समोरच्या चेहऱ्याकडे बघते: गिळला का, तोंड फिरवलं का. उत्तर येण्याची शक्यता तिथे असते. शिरेकडे नाही म्हणण्याची सोय नाही.

विनोबांकडे ती होती. नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही नाकारलं. अन्न कुठलं आणि औषध कुठलं, असा प्रश्नच त्यांच्यापुरता उरला नाही, कारण नको म्हणणारा स्वतः शुद्धीत होता. अतिदक्षता विभागातल्या माणसाच्या वतीने तेच 'नको' दुसऱ्या कुणाला म्हणावं लागतं, आणि तिथे सगळा गुंता होतो.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असं 'नको' आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. ओळखीच्या ज्या लोकांनी असा कागद केला, त्यांत बहुतेकांनी व्हेंटिलेटर नको एवढंच लिहिलं आहे. आहाराबद्दल कुणी काही लिहीत नाही. मी लिहिलं: शस्त्रक्रियेनंतर आतडं पुन्हा चालू होईपर्यंत शिरेतून आहार द्यावा, ते होणार नाही आणि मी शुद्धीवर येणार नाही असं डॉक्टरांचं मत झालं, तर चालू पिशवीसुद्धा काढावी, संपायची वाट पाहू नये, मी तोंड उघडत असेन तर मात्र चमच्याने काहीतरी द्यावं, साखरेचं पाणी चालेल. नोटरींनी कागद वाचताना तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, हे चमच्याचं वाक्य कायदेशीर कागदात कशाला? मी म्हटलं, राहू द्या.