शुक्रवारच्या आधीचं पुस्तक

आवडत्या पुस्तकावर चित्रपट येतोय अशी बातमी फुटली की प्रत्येक वाचक रातोरात निर्माता होतो. नायक कोण शोभेल, कोण अजिबात नको, शेवट बदलतील का, मध्येच गाणं घुसवतील का, यावर घराघरांत आणि ग्रुपाग्रुपांवर खल सुरू होतो. ज्यांनी ते पुस्तक कॉलेजात असताना एका बैठकीत संपवलं आणि ज्यांच्याकडे ते नुसतंच कपाटात आहे, ते दोघेही सारख्याच तावातावाने बोलतात. पूर्वी या वाट पाहण्याला फारसं खाद्य मिळत नसे. पेपरातली जाहिरात, तिच्याखाली थिएटरांची नावं आणि खेळांच्या वेळा, फार तर नाक्यावरचं पोस्टर. आता आधी घोषणा, मग मोशन पोस्टर, मग टीझर, मग ट्रेलर. चित्रपट लागेपर्यंत तो निम्मा पाहून झालेला असतो आणि निम्मा भांडून.

‘छावा’ 14 फेब्रुवारी 2025ला लागणार होता, त्याच्या आधीच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या भागातल्या वाचनालयात शिवाजी सावंतांच्या त्या कादंबरीसाठी अचानक नावं लागू लागली. 1979 सालची कादंबरी, कापडी पाठीची, दोनदा बांधणी झालेली, समासात कुणीतरी पेन्सिलीने केलेल्या खुणा. टेबलावरच्या काकू वहीत क्रमाने नावं लिहून घेत होत्या. एका कॉलेजकुमाराने विचारलं, “काकू, चौदा तारखेच्या आत मिळेल ना?” काकूंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “मिळेल रे, पण जाडी बघितलीस का? आधी सुरू तर कर.” तो हसला, पण नाव लावूनच गेला. संभाजीराजांचं पुढे काय होतं हे त्याला शाळेपासून ठाऊक असणार. तरी त्याला पुस्तक हवं होतं आणि तिकीटही काढायचं होतं.

शेवट माहीत असलेल्या गोष्टीची वाट पाहणं आपल्याकडे नवं नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान तोंडपाठ असतं. तरी पूर्वरंग संपून उत्तररंग कधी सुरू होतो याकडे त्याचे कान लागलेले असतात, कारण आजचे बुवा ते कसं रंगवतात हे त्याला ऐकायचं असतं. नाटकाच्या बाबतीतही आपण असेच उदार आहोत. 1970 साली रंगमंचावर आलेल्या ‘नटसम्राट’मधले आप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंचे, तसे दत्ता भटांचेही. दोघांचे प्रयोग पाहिलेली माणसं अजून त्यांची तुलना करतात, पण दुसऱ्याने ती भूमिका करूच नये असं म्हणत नाहीत. त्यामुळे 1 जानेवारी 2016ला महेश मांजरेकरांच्या चित्रपटातून नाना पाटेकर त्याच भूमिकेत आले, तेव्हा लोक आणखी एक बेलवलकर पाहायला गेले. आवडले-नावडले ही पुढची गोष्ट.

कादंबरीच्या बाबतीत मात्र हा उदारपणा आटतो, आणि त्याला कारण आहे. नाटकाची संहिता नटाशिवाय अपुरी असते, तिला कुणीतरी उभं करावंच लागतं. कादंबरी अपुरी नसते. ती वाचताना आपणच नट निवडलेले असतात, वाडा बांधलेला असतो, पाऊस पाडलेला असतो. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’चंच उदाहरण घ्या. नववीतला मुकुंद जोशी स्वतःच सगळं सांगतो. आणीबाणीचे दिवस, वर्गातल्या पोरांच्या गप्पा, शिरोडकरची चाहूल, सगळं त्याच्या डोक्यातून आपल्यापर्यंत येतं. शिरोडकर दिसायला कशी हे वाचकाला मुकुंदपेक्षा जास्त कळत नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या वर्गातली कुणीतरी तिथे बसवलेली असते. सुजय डहाके यांनी 2012मध्ये त्यावर चित्रपट आणला, तेव्हा कॅमेरा मुकुंदच्या डोक्याबाहेर उभा राहिला, आणि ते अटळच होतं. केतकी माटेगावकरने शिरोडकरचं काम चांगलं केलं, चित्रपटाला मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी ‘माझी शिरोडकर अशी नव्हती’ म्हणणारे मला पुष्कळ भेटले. त्यांच्या त्या म्हणण्यात दिग्दर्शकाविषयी तक्रार थोडी आणि स्वतःची नववी जास्त होती.

उलटंही घडतं, आणि ते मला अधिक विचार करायला लावतं. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ मी आधी पाहिला आणि तो ज्या कादंबरीवर आहे ती शांता निसळांची ‘बेघर’ नंतर वाचली. वाचताना पानोपानी स्मिता पाटीलच दिसत राहिली. नायिकेला दुसरा चेहरा द्यायचा मी प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. माझ्या भाच्याचंही तेच झालं. 2017ला ‘फास्टर फेणे’ आला तेव्हा मी भा. रा. भागवतांच्या सायकलवाल्या, फुरसुंगीच्या पोराची वाट पाहत होते. भाच्याला पुस्तकांचा पत्ताच नव्हता. त्याने पाहिला तो अमेय वाघचा फेणे, वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण. चित्रपट आवडला म्हणून मी त्याला पुस्तक दिलं, तर दहा पानांत तो तक्रार घेऊन आला, “मावशी, हा तर शाळेत आहे!” त्याच्या लेखी पुस्तकानेच मूळ फेणेशी फारकत घेतली होती. ज्याची गाठ आधी पडली तो अस्सल.

‘श्यामची आई’चं याहून मजेशीर झालं. साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी 1953 साली चित्रपट काढला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. तेव्हाच्या प्रेक्षकाने आपल्या मनातली आई पडद्यावरच्या वनमालाबाईंशी ताडून पाहिली असणार. सत्तर वर्षांनी, 2023मध्ये, सुजय डहाके यांनीच तो विषय पुन्हा घेतला, तोही कृष्णधवल. या वेळी आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची तुलना पुस्तकाशी नव्हतीच, होती ती वनमालाबाईंशी. एका पिढीला जे रूपांतर होतं, ते पुढच्या पिढीत मूळ होऊन बसलं होतं.

ही मनातली चित्रं इतकी घट्ट असतात की त्यांच्यासाठी माणसं चित्रपट लागण्याआधीच रस्त्यावर येतात. संजय लीला भन्साळींनी ‘बाजीराव मस्तानी’ची घोषणा 2003च्या सुमारास केली आणि ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेला तो चित्रपट 2015च्या डिसेंबरात लागला. एवढी वाट पाहून झाल्यावर वाद पेटला तो एका गाण्यावरून. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा कशा घालतील, असा सवाल पेशव्यांच्या वंशजांनीही केला. गाणं राहिलं. ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले आणि तिथेही गदारोळ झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो भाग काढून टाकायचं ठरवलं. म्हणजे वाट पाहणारा प्रेक्षक आता थेट संकलनाच्या टेबलापर्यंत पोहोचला आहे. इतिहासातल्या माणसांविषयीची आस्था मी समजू शकते. पण सगळ्यांच्या मनातल्या चित्राशी जुळवत जुळवत कापलेला चित्रपट शेवटी कुणाचाच राहत नाही. आणि जे आपण आधीच पाहिलं आहे तेवढंच पाहायचं, तर तिकीट कशाला काढायचं?

वाचलेल्या पुस्तकाच्या चित्रपटाकडून मागायचं असेल तर हे मागावं, की या माणसाने ते पुस्तक कसं वाचलं ते आम्हाला दिसू दे. ‘सिंहासन’ चित्रपटासाठी विजय तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकाच पटकथेत आणल्या. किती पात्रं गाळली, किती प्रसंग सोडून दिले याची यादी करता येईल, पण दिगू टिपणीस या वार्ताहराच्या नजरेला धरून त्यांनी सत्तेचा सगळा खेळ बांधला, हे त्यांचं वाचन. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा पैलवानाचा नाच्या होतो, ते कादंबरीत वाक्यावाक्याने घडतं. रवी जाधवांच्या चित्रपटात ते अतुल कुलकर्णींच्या शरीरावर घडलं. आधी कमावलेले दंड, रुंद छाती, आणि मग तेच शरीर उतरवून कमरेत आलेली लचक. गुणाची सगळी शोकांतिका अंगावर वाचता येत होती. हे शब्दांना या रीतीने करता आलं नसतं, तसंच गुणाच्या मनातलं जे यादवांच्या पानांत आहे ते कॅमेऱ्याला पुरतं सापडलं नाही. काय गाळलं आणि कशाला हात लावला नाही, यावरून दिग्दर्शक वाचक म्हणून कसा आहे ते कळतं. बाहेर पडताना ‘पुस्तकासारखा होता का?’ या प्रश्नापेक्षा त्यावर बोलायला जास्त मजा येते.

या सगळ्यातून मी स्वतःपुरती एक रीत पाडून घेतली आहे. चित्रपटाची तारीख जाहीर झाली की ट्रेलर बाजूला ठेवायचा आणि पुस्तक काढायचं. शुक्रवार उजाडला की पडद्यावरचे चेहरे पुस्तकात शिरणार आणि मग ते सहसा बाहेर निघत नाहीत, हे ‘बेघर’ने शिकवलं. आपण नेमलेल्या नटांना घेऊन ती गोष्ट पुन्हा एकदा पाहायची मुदत तेवढीच असते. म्हणून मला हे वाट पाहण्याचे दिवस चित्रपटाइतकेच मोलाचे वाटतात. उद्या कुणी विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’वर चित्रपट काढतोय म्हणालं, तर मीही त्यातली नायिका हॅर्टा कोण करणार म्हणून दहा जणांना फोन करीन, नको नको ती नावं ऐकून चिडेन, आणि पहिल्या शुक्रवारी तिकीट काढीन. दिग्दर्शकाने त्या बोटीवर आणि युरोपातून निघालेल्या त्या निर्वासितांमध्ये काय पाहिलं याची मला खरोखर उत्सुकता असेल. फक्त त्याची हॅर्टा भेटण्याआधी माझी एकदा वाचून झालेली असेल.