पाच जर्स्या आणि एक निष्ठा

‘निष्ठा’ हा शब्द आपल्याकडे एरवी कपाटात घडी घालून ठेवलेला असतो. तो बाहेर निघतो फक्त निरोपसमारंभाला. माणूस ५८ वर्षांचा झाला, की त्याला खुर्चीत बसवतात, हार घालतात आणि मग साहेब उभे राहून सांगतात, की अमुकरावांनी ३० वर्षं संस्थेची निष्ठेनं सेवा केली. या ३० वर्षांत अमुकरावांनी दुसरीकडे ११ अर्ज केले होते आणि एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही, हे साहेबांना ठाऊक नसतं, अमुकरावांना असतं. पण टाळ्या होतात. बाकीच्या गावांत शाल देतात, आमच्या सोलापुरात चादर देतात. ती जास्त टिकते. निष्ठेचा आणि टिकण्याचा एवढा एक संबंध मला बिनशर्त मान्य आहे.

पण एका जागी टिकून राहणं म्हणजेच निष्ठा का? तसं असेल तर सिद्धेश्वराच्या तळ्याकाठच्या दगडांना पहिला मान द्यायला हवा.

हा प्रश्न आमच्या चहाच्या टपरीवर निघाला तो चक्क फुटबॉलमुळे. आता सोलापूरचा आणि फुटबॉलचा संबंध तसा दूरच्या नातेवाइकासारखा. एप्रिलात आमच्याकडे पारा ४२च्या वर जातो. अशा हवेत चेंडूमागे ९० मिनिटं धावणारा माणूस दिसला तर आम्ही त्याला आधी सावलीत बसवतो. फुटबॉल तो कोल्हापूरचा. तिथे तालमींनी लाल मातीबरोबर फुटबॉलही पोसला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही संघांची नावं आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. शाहू स्टेडियमवर यांतल्या दोघांची गाठ पडली, की त्या दिवशी जावई सासऱ्याला ओळख देत नाही. तिथे आपला संघ कोणता हे कोणी विचारून ठरवत नाही. ज्या पेठेत पाळणा हलला तो संघ. मामला संपला.

त्याच कोल्हापुरात २००० साली जन्मलेला अनिकेत जाधव नावाचा मुलगा २०१७च्या ऑक्टोबरात, आपल्या देशात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांनीही आपल्याला हरवलं, पण विश्वचषकात आपण हरण्याइतके तरी पोचलो, याचाच अनेकांना अभिमान वाटला. अनिकेत खेळतो विंगर म्हणून. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेकडेनं पळणारा गडी. पंगतीतल्या वाढप्यासारखं त्याचं काम. कडेनं धावत जायचं, नेमक्या पानात नेमका चेंडू वाढायचा. जेवणार दुसरा, ढेकर देणार दुसरा, आणि उखाणा घेतल्यासारखं नाव लोकांच्या तोंडी येणार तेही दुसऱ्याचंच.

तर हा अनिकेत पुढे इंडियन ॲरोजकडून खेळला, मग जमशेदपूरकडून, मग हैदराबादकडून. २०२२ साली हैदराबादनं इंडियन सुपर लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. मग कोलकात्याचं ईस्ट बंगाल, मग ओडिशा. आमच्या शेजारच्या मास्तरांनी हे सगळं बोटांवर मोजलं आणि हात पुरा उघडून आमच्यापुढे धरला.

“पाच! विशी उलटतेय तोवर पाच जर्स्या! आमच्या वेळी एक कोट १५ वर्षं अंगावर असायचा.”

टपरीवर आमच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ बसतात. गिरणीच्या साळखात्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते बशीतला चहा संपवून शांतपणे म्हणाले, “मास्तर, कोटाला पगार द्यावा लागत न्हाई.”

मास्तर क्षणभर थांबले, पण हरले नाहीत. मास्तर कधी हरत नाहीत. फार तर तास संपतो.

मी मग त्यांच्या मदतीला इटलीतला एक विंगर आणला. आन्जेलो दी लिव्हिओ त्याचं नाव. धावण्याच्या त्याच्या त्या टकटकीत ढंगामुळे त्याला ‘सोल्दातिनो’, म्हणजे छोटा शिपाई म्हणत. १९९३ ते १९९९ तो युव्हेंटसमध्ये होता. तिथे तीनदा इटलीची लीग जिंकली, १९९६ साली युरोपातल्या चॅम्पियन्स लीगचा चषकही उचलला. मग तो फिओरेंतिना या फ्लॉरेन्सच्या संघात गेला. आणि २००२ साली या क्लबचं दिवाळं वाजलं. नाव गेलं, खेळाडू गेले, आणि नव्या नावानं उभा राहिलेला संघ थेट चौथ्या श्रेणीत जाऊन पडला. म्हणजे रणजीच्या संघानं एका सकाळी उठून गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत नाव नोंदवावं, तसं. जुन्या खेळाडूंपैकी एकटा दी लिव्हिओ मागे राहिला. वय ३६. त्याच उन्हाळ्यात तो जागतिक स्पर्धेत इटलीसाठी खेळला होता. आता तो गावोगावच्या लहान मैदानांवर खेळू लागला. २००४ साली तो संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत आला, तेव्हा दी लिव्हिओ त्याच्याबरोबर होता. मग २००५ साली त्यानं बूट काढून ठेवले.

“बघा!” मास्तर टेबलावर हात आपटून म्हणाले. “याला म्हणतात निष्ठा!”

इथवर गोष्ट सरळ होती. अडचण अशी, की गोष्टीला मागचा भाग आहे. हा निष्ठेचा पुतळा जन्मला रोममध्ये, शिकला रोमाच्या पोरांच्या संघात, आणि मग रेज्जाना, नोचेरिना, पेरुजा, पादोवा अशी गावं घेत घेत युव्हेंटसला पोचला. मास्तरांच्या हिशेबानं तो अनिकेतपेक्षा दोन बोटं पुढेच आहे. तो ज्यांना सोडून आला त्यांच्याकडे त्याचा पुतळा नाही. मग निष्ठावान कोण? सात जर्स्या घालणारा, की सातवी न उतरवणारा? माणूस तर एकच.

आणि जे सोडून गेले त्यांचं काय? २२ वर्षांच्या पोराला कारकिर्दीची दहा वर्षं मिळतात, दैव बरं असेल तर. गुडघा त्याच्या आधीही दगा देतो. त्यातली दोन वर्षं त्यानं खालच्या श्रेणींत घालवावीत, असं म्हणणं सोपं आहे. कारण गुडघा आपला नसतो. दी लिव्हिओच्या कपाटात चषक होते, हे लक्षात घ्यायला हवं. त्यानं त्याचं मोठेपण कमी होत नाही. पण भरल्या पोटाच्या माणसानं एकादशी केली म्हणून उपाशी माणसाला लबाड म्हणता येत नाही.

निष्ठा मागणाऱ्यांचीही एक गंमत सांगतो. त्याच २००२च्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या आन जुंग-ह्वाननं जादा वेळेत गोल करून इटलीला घरी पाठवलं. हा आन तेव्हा खेळायचा इटलीतल्या पेरुजा क्लबकडे. क्लबचे मालक लुचानो गाउची संतापले आणि त्यांनी जाहीर केलं, की या माणसाला आपण ठेवणार नाही. म्हणजे पगार पेरुजाचा असल्यामुळे त्यानं स्वतःच्या देशाशी हरामखोरी करायला हवी होती! मालक नंतर निवळले, पण आन पुन्हा त्या दारात गेला नाही. पुढचा हिशेब नियतीनं आपल्या वहीत मांडला. २००४ साली फिओरेंतिनाला पहिल्या श्रेणीत जाण्यासाठी शेवटची लढत जिंकायची होती ती याच पेरुजाशी. त्यात पेरुजा हरलं आणि २००५ साली त्याचंही दिवाळं निघालं.

हे ऐकून साळखात्यातले म्हातारबा हसले. मग बोलले ते मास्तरांकडे न बघता.

“आमी कुठं सोडून गेलो होतो? भोंगा वाजला की आमी हजर. गिरणीच गेली निघून.”

टपरीवर यावर कोणी काही बोललं नाही. सोलापुरातली पहिली गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि विसावं शतक संपता संपता भोंगे एकेक करून गप्प झाले. ज्या गावाचं घड्याळ त्या भोंग्यावर लावलेलं असे, तिथे हजारो माणसं निष्ठा घेऊन फाटकापाशी उभी राहिली आणि आत ती घ्यायला कोणी नव्हतं. निष्ठावंतांचा निरोपसमारंभ करायलासुद्धा कोणी तरी शिल्लक असावं लागतं.

चादर विणताना उभा धागा असतो आणि आडवा असतो. नुसत्या उभ्या धाग्यांची चादर होत नाही, दोऱ्यांचा गुंता होतो. निष्ठेचंही मला तसंच वाटतं. दोन्ही बाजूंनी असेल तर ती निष्ठा. एकाच बाजूनं मागितली जाते तिला आपण चाकरी म्हणतो. समोरून काहीच येणार नाही हे ठाऊक असूनही दी लिव्हिओसारखा एखादा ती देऊन जातो. ते दान आहे. दानाचं कौतुक करावं, नमस्कार करावा. पण त्याची पावती दाखवून शेजाऱ्याकडे वसुलीला जाऊ नये.

मग नोकरी बदलणाऱ्या माणसाकडून मागायचं तरी काय? मला वाटतं, आजचा दिवस. आज जी जर्सी अंगावर आहे तिच्यात पुरता घाम. दी लिव्हिओबद्दल इटलीतले लोक आजही सांगतात ते त्याच्या गोलांविषयी नव्हे. चेंडू गेला, की तो मान खाली घालून मागे धावत यायचा आणि आपल्या बचावाला हात द्यायचा, हे सांगतात. विंगरनं मागे धावणं हे निष्ठेचं रोजचं, बिनहाराचं रूप.

अनिकेतनं उद्या सहावी जर्सी घातली तरी माझी हरकत नाही. चेंडू हिसकावला गेल्यावर तो मागे धावतो का, एवढंच मी बघणार. मास्तर मात्र अजून जर्सीचा रंगच बघत बसतात. त्यांना समजावण्यात अर्थ नाही. जन्मभर चित्रकला शिकवली आहे त्यांनी.