वार्धक्याचा भार कोणी वाहावा?

ज्याचे पाय थकले आहेत त्याने दुसऱ्या माणसाच्या अंगबळावर वाट चालावी की नाही, हा धर्मशास्त्राइतका जुना प्रश्न माथेरानच्या डोंगरावर नित्याच्या व्यवहाराचा होऊन बसला होता. मोटारींना दस्तुरी नाक्यापलीकडे मनाई असल्याने तेथून गावात जायचे तर तांबड्या मातीची वाट तुडवावी, घोड्यावर बसावे, अमन लॉजहून सुटणारी छोट्या रुळांवरची शटल गाडी धरावी किंवा हातरिक्षा करावी, एवढेच मार्ग होते. ज्यांना घोडा झेपत नाही आणि गाडीची वेळ साधत नाही, अशा वृद्धांना व रुग्णांना या शेवटच्या साधनावाचून गत्यंतर नसे. मग एकाने पुढून ओढावे, सोबत्यांनी मागून रेटावे आणि आत बसलेल्या वृद्धेने त्यांच्या धापांचा आवाज ऐकत संकोचाने अंग चोरावे.

माणसाने माणसाला वाहून नेण्याचे दोन आदर्श आपल्या पुराणकथांत आहेत. श्रावणाने अंध मातापित्यांना कावडीत बसवून तीर्थयात्रा घडवली, तेथे भार हीच भक्ती होती, कारण खांदा त्याने स्वेच्छेने दिला होता. भागवताच्या पंचम स्कंधातील जडभरताला मात्र रहूगण राजाच्या भोयांनी पालखी वाहण्यासाठी वेठीस धरले. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून भूमी न्याहाळत तो चालला, पालखी हिंदकळली आणि राजाने त्याचा उपहास केला. त्यावर जडभरताने उत्तर दिले की, भार, वाहणारा आणि वाहिला जाणारा हे सारे देहाचे संबंध असून आत्म्याला त्यांचा स्पर्श नाही.

या उत्तराचा सोयीस्कर अर्थ लावणे फार सोपे आहे. आत्मा जर ओझे वाहतच नाही, तर ओढणाऱ्याचे दुःख मायिक ठरवून आपण निश्चिंत मनाने बसून राहावे, असे वेदान्ताच्या आडून कोणी म्हणू शकेल. परंतु ते वचन ऐकल्यावर राजा पालखीत बसून राहिला नाही. तो त्वरेने खाली उतरला आणि त्याने जडभरताच्या चरणांवर मस्तक ठेवले. तत्त्वज्ञान खरोखर उमगल्याची खूण, माझ्या मते, त्या उतरण्यातच आहे.

राजाला उतरता आले, कारण त्याचे पाय धड होते. ज्या वृद्धेला उतरताच येत नाही तिने काय करावे? तिला दोषी धरणे हा अन्याय आणि घरात कोंडून ठेवणे हा दुसरा अन्याय. म्हणून उतरण्याचे कर्तव्य तिच्याऐवजी, तिची सोय माथेरानच्या परवानाधारक 94 हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातीवर सोपवून स्वस्थ बसलेल्या समाजाकडे व सरकारकडे येते. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षेची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला विघातक ठरवून सहा महिन्यांच्या मुदतीत बंद करण्याचा हुकूम दिला, आणि त्याच वेळी खऱ्याखुऱ्या हातरिक्षावाल्यांना ई-रिक्षा मिळतील अशी तजवीज करण्यास शासनाला फर्मावले. नुसती मनाई केली असती तर ओढणाऱ्याची रोजी गेली असती आणि बसणाऱ्याची वाट. दोघांच्याही प्रतिष्ठेचा एकत्र विचार झाला, हे या निर्णयाचे खरे मोल.

उरतो प्रश्न घेणाऱ्याच्या संकोचाचा. कोणावर भार होऊ नये ही आपल्या वृद्धांची इच्छा उदात्त असली, तरी तिच्या मुळाशी एक विस्मरण असते. सर्व आश्रम गृहस्थाश्रमाच्या आधाराने जगतात असे मनुस्मृती सांगते, आणि ज्याने तो आधार उभे आयुष्य दिला त्याला उतारवयात तो परत मिळणे ही खैरात नव्हे, ऋणाची फेड आहे. पितृऋण श्राद्धाच्या पिंडाने फिटते असे मानणाऱ्यांनी जिवंतपणी दाराशी येणाऱ्या वाहनाचाही हिशेब त्यात धरावा. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, ही तरतूद स्तुत्यच. परंतु घर आणि थांबा यांमधले अंतर ज्याला ओलांडता येत नाही, त्याला त्या सवलतीचा उपयोग शून्य.

तेव्हा प्रत्येक नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतीने रस्त्यांच्या खर्चाबरोबर हे शेवटचे अंतरही आपल्या अंदाजपत्रकात मांडावे, आणि वाहन चालवणाऱ्याला पुरेशी मजुरी द्यावी. वृद्धांची सेवा दुसऱ्या कोणाच्या लाचारीवर उभारली, तर ती सेवा धर्म या नावास पात्र ठरत नाही.