एक पंधरांश सेकंद

उट्रेख्तच्या यान्सकेर्कहोफ चौकातून जाताना फ्रान्सिस्कस डोंडर्स यांचा पुतळा दिसतो. नायमेखेनच्या मेंदूसंशोधन संस्थेलाही त्यांचेच नाव आहे. पेशाने हे डोळ्यांचे डॉक्टर. पण १८६८ साली त्यांनी मनाच्या कामाला लागणारा वेळ मोजून प्रसिद्ध केला. पायाला विजेचा हलका झटका द्यायचा आणि ज्या बाजूच्या पायाला तो बसेल, त्याच बाजूचा हात हलवायचा. झटका कोणत्या पायाला बसणार हे आधी ठाऊक असेल, तर हात लवकर हले. ठाऊक नसेल, तर सुमारे एक पंधरांश सेकंद उशिरा.

१९६४ साली ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची गोष्ट दाखवली. आधी इशारा आणि थोड्या वेळाने कृतीचा संकेत येणार असेल, तर मधल्या काळात मेंदूत विजेची एक संथ लहर चढत जाते. म्हणजे वाट पाहणारा मेंदू स्वस्थ बसत नाही; तो कंबर कसून तयार असतो. ही तयारी चांगली जमली, की बहुधा प्रतिसादही झटपट येतो.

पण तयारीला दुसरी बाजू आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत पिस्तुलानंतर ०.१ सेकंदाच्या आत निघालेल्या धावपटूचा फॉल्स स्टार्ट धरतात. इतक्या लवकर आवाज ऐकून निघता येत नाही, तो अंदाजानेच निघाला, असे नियम मानतो.

आता घरात पाहू. मुलगी म्हणते, "बाबा, शनिवारी मैत्रिणीकडे..." आणि आपले "नाही" तयार! हळूहळू ती विचारेनाशी होते.

क्षणार्धात तोंडून गेलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची? त्या क्षणी विचाराला वेळच नव्हता, ही सबब खरी आहे, पण अपुरी. ते "नाही" त्या क्षणी जन्मलेले नसते. त्याची तयारी कितीतरी आधी झालेली असते. कोणी म्हणेल, ती तयारी तरी आपण कुठे निवडली? ती संस्कारांतून आली, परक्या देशातल्या धास्तीतून आली. मान्य. परंतु वेळेवर ब्रेक दाबायला आपण शिकतोच ना? तयारी सरावाने घडते, म्हणून सरावाने बदलतेही. जबाबदारी त्या क्षणाची कमी, सरावाची जास्त.

अपघात टाळायला तयार मेंदू हवाच. माणसाशी बोलताना मात्र उत्तर आधी ठरलेले नसावे. डोंडर्स यांच्या प्रयोगात त्याची किंमत फक्त एक पंधरांश सेकंद होती. मुलांची वाक्ये त्याहून थोडी लांब असतात, इतकेच.