आडात पाणी, हाती दोर



१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, उत्तीर्ण व्हावे, असे त्यात ठरले. वीस-वीस वर्षे हातात खडू धरलेल्यांना पुन्हा परीक्षा! भरतीच्या वेळी ही अट नव्हती, त्यांचे दुःख आपण समजून घेऊ या. त्यांच्या पोटापाण्याचा हा प्रश्न आहे.

तरीही एक प्रश्न उरतोच. मुलांवर माया आहे, एवढे पुरे आहे का? मायेने शिकवलेले चुकीचे गणित चुकीचेच राहते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणि आडात पाणी असूनही दोर तोकडा असेल तर? आपल्या मानोरा तालुक्यातील तांड्यांवर लेकरू घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत त्याच्यापुढे मराठीचे पुस्तक येते. शिक्षकाला मराठी उत्तम येते. पण लेकराच्या शब्दापासून पुस्तकाच्या शब्दापर्यंत त्याला नेता आले नाही, तर ते लेकरू मागच्या बाकावर गप्पच बसेल.

प्रभू येशूकडे पाहा. शेतकऱ्यांना त्याने पेरणाऱ्याचा दाखला दिला, कोळ्यांना जाळ्याचा, पीठ मळणाऱ्या बायांना खमिराचा. सत्य त्याला पूर्ण ठाऊक होते आणि ऐकणाऱ्याचे अंगणही. संत याकोब तर आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात बजावतो की, शिक्षक होण्याची घाई करू नका, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न न्यायालयाने त्याच निकालात मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. म्हणून ख्रिस्ती शाळांनी निश्चिंत व्हावे काय? मुळीच नाही. कायद्याची सूट मिळाली, तरी लेकराचे ऋण फिटत नाही.

ज्या घरी शिक्षक अभ्यासाला बसले आहेत, तेथे घरच्यांनी त्यांची कामे थोडी वाटून घ्यावीत. पन्नाशीत पुस्तक उघडणाऱ्याला कोणी हसू नये. आपल्या धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांनीही रविवारचा धडा शनिवारीच वाचून ठेवावा. आणि आम्हां धर्मगुरूंचे प्रवचन तयारीचे असावे, अशी अपेक्षा आपण जरूर ठेवावी.

तयारी हेही प्रीतीचेच काम आहे. गुरूंचा गुरू प्रभू येशू आपल्या सर्व शिक्षकांना ज्ञान, धीर आणि गोड वाणी देवो. आमेन.